विलायतेतील बिऱ्हाड

विलायतेस जाऊन विद्यासंपन्न होऊन परतलेल्या मंडळींची चरित्रे आपल्याकडे पुष्कळ लिहिली गेली. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणितपरीक्षेत सीनियर रँग्लर झाले, विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकले, चिंतामणराव देशमुख आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले, या गोष्टी सुशिक्षित मराठी घरांतून अभिमानाने सांगितल्या जातात. परंतु असला विद्यार्थी दिवसभराचा अभ्यास आटोपून सायंकाळी ज्या खोलीत परतत असे, तिचे भाडे किती, तिच्यातील शेगडीस कोळसा कोणाच्या खर्चाने पडे, ताटात काय वाढले जाई आणि त्या घरातील माणसे त्याच्याशी कशी वागत, याविषयी चरित्रकार दोन ओळींत आटोपते घेतात. पदवीची नोंद विद्यापीठाच्या दफ्तरी कायम राहते. बिऱ्हाडाची नोंद कोणी ठेवीत नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे परदेशस्थ विद्यार्थ्याचा खरा इतिहास त्या बिऱ्हाडातच घडत आला आहे.

१८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबई ते लंडन हा प्रवास सुमारे तीन आठवड्यांवर आला. तथापि समुद्रोल्लंघनाचा निषेध त्या वेगाने शिथिल झाला नाही. मोहनदास गांधी १८८८ साली निघाले तेव्हा मुंबईतील त्यांच्या ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले, आणि १८९१ साली ते बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांच्या वडील बंधूंनी त्यांना आधी नाशकास नेऊन गोदावरीत स्नान घातले व मग राजकोटास ज्ञातिभोजन दिले, तेव्हा कोठे प्रकरण काहीसे मिटले. इकडच्या पंक्तीतून असा उठलेला मुलगा तिकडे कोणत्या पंक्तीस बसे, हे पाहण्यासारखे आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यास पुस्तके वाचण्याइतकेच जेवणे आवश्यक असे, कारण बॅरिस्टर घडविणाऱ्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ या संस्थांच्या नियमाप्रमाणे बारा सत्रे भरावी लागत आणि प्रत्येक सत्रातील चोवीस भोजनांपैकी निदान सहांस हजेरी द्यावी लागे. चौघांच्या गटास मद्याच्या दोन बाटल्या मिळत. गांधी मद्यास शिवत नसल्यामुळे त्यांना आपल्या गटात ओढण्यासाठी इतरांत चढाओढ लागे! निर्व्यसनीपणाची एवढी रोकडी कदर अन्यत्र क्वचितच झाली असेल.

ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये कॉलेजची किंवा कॉलेजने मान्य केलेली खोली मिळे, त्यामुळे तेथील विद्यार्थ्यास काही शिस्तीचे छत्र होते. लंडन आणि एडिंबरो येथे मात्र ज्याने त्याने आपली तजवीज करावयाची; म्हणजे दारोदार हिंडून ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी शोधावयाची आणि दार उघडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरून आपल्या वर्णाविषयी तिचे मत ताडावयाचे. ही लँडलेडी पुष्कळदा विधवा किंवा प्रौढ कुमारिका असे, आणि वरच्या मजल्यावरील दोन-तीन भाडेकरूंवर तिचा चरितार्थ चाले. आठवड्याचे बिल ठरल्या दिवशी येई; सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण पुष्कळदा भाड्यात धरलेले, कोळसा वेगळा, स्नानाचे गरम पाणी वेगळे; पुढे पुढे तर खोलीतील वायूच्या शेगडीस नाणे घालण्याचे यंत्र आले आणि नाणे संपताच थंडीने कुडकुडत पुस्तक मिटावे लागे. शाकाहारी मनुष्याच्या वाट्यास उकडलेले बटाटे, कोबी आणि पाव. अशांपैकी काहींना फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी उपाहारगृह सापडे, आणि पोटभर जेवल्याचे समाधान लाभे.

या जीवनाचे सर्वांत बोलके चित्र डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात आहे. १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा प्रथमच्या वसतिगृहातील अन्न न मानवल्याने आठवडाभरात त्यांनी बिऱ्हाड हलविले. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राचा सहवास त्यांस लाभला आणि तो स्नेह जन्मभर टिकला. १९२० साली ते अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यास लंडनला गेले, ते स्वतः साठविलेले द्रव्य, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि याच भथेनांचे कर्ज यांच्या आधारावर. लँडलेडी अत्यंत कठोर. सकाळी पावाचा तुकडा, थोडा मुरंबा, एखादा मासा आणि चहा एवढ्यावर त्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सायंकाळपर्यंत बसावे, आणि रात्री पोटात आग पडली की ओळखीच्या एका गुजराती गृहस्थाने दिलेल्या थप्पीतील पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजून कपभर बोव्हरिलबरोबर खावेत, असा क्रम होता. रुपयाच्या प्रश्नावरील ज्या प्रबंधाने त्यांना १९२३ साली डी.एस्सी. मिळाली, त्याचे टाचण याच अर्धपोटी काळातले. १९२१-२२ मध्ये ते ज्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहात, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले.

बिऱ्हाडाचा प्रश्न सरकारच्याही लवकरच ध्यानी आला, पण निराळ्या कारणाने. १९०५ साली पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी हायगेट येथे हिंदी विद्यार्थ्यांसाठी ‘इंडिया हाउस’ काढले. परक्या घरात अपमान गिळण्यापेक्षा आपल्या माणसांत आपले अन्न खावे, ही सोय तेथे होती, आणि १९०६ साली तेथे उतरलेल्या विनायकराव सावरकरांच्या प्रभावाने त्या सोयीचे क्रांतिकारकांच्या अड्ड्यात रूपांतर झाले. सरकारने १९०७ साली ली-वॉर्नर समिती नेमली, तिने विद्यार्थ्यांच्या जबान्या घेतल्या, आणि तिचा अहवाल अनेक वर्षे गुप्त ठेवण्यात आला. १९०९ च्या जुलैत मदनलाल धिंग्रा यांनी इंग्रज अधिकारी कर्झन वायली यांचा वध केला, त्याच वर्षी हिंदी विद्यार्थ्यांसाठी सरकारी सल्लागार म्हणून टी. डब्ल्यू. अर्नोल्ड यांची नेमणूक झाली आणि १९१० साली २१, क्रॉमवेल रोड येथे सरकारच्या देखरेखीखाली वसतिगृह निघाले. स्वच्छ खोल्या, माफक दर, नवख्यास मार्गदर्शन, सर्व काही होते. तथापि विद्यार्थी त्या घराकडे संशयानेच पाहात राहिले, कारण जो आपणास उशी-पांघरूण पुरवितो तोच आपली इतल्ला वर पोचवितो, अशी त्यांची खात्री होती. ती सर्वस्वी खोटी होती, असे म्हणवत नाही.

देखरेखीचा दुसरा विषय प्रणय हा होता. येथे आपल्याकडील बालविवाहाच्या रूढीने चमत्कारिक पेच निर्माण केला. इंग्लंडातील विद्यार्थी बहुधा अविवाहित असे. आपला विद्यार्थी मात्र विशीच्या आतच पती, प्रसंगी पिताही. तेव्हा लाजेस्तव, आणि यजमानाच्या मुलींबरोबर फिरावयास जाण्याची मुभा जाऊ नये म्हणून, पुष्कळ जण आपला विवाह चोरून ठेवीत. गांधींनीही तेच केले होते. ब्रायटनला भेटलेली एक वृद्ध विधवा त्यांना लंडनमध्ये दर रविवारी जेवावयास बोलावू लागली व एका तरुणीशी त्यांना बोलते करू लागली, तेव्हा त्यांनी धीर करून पत्राने सर्व कबुली दिली. बाईंनी ती हसण्यावारी नेऊन रविवारचे आमंत्रण चालू ठेवले. सर्वांची प्रकरणे इतकी सुरळीत मिटत नसत. पहिल्या महायुद्धापूर्वीच विवाहनोंदणी अधिकाऱ्यांना सरकारी सूचना गेल्या होत्या की, बहुपत्नीकत्व मान्य असलेल्या देशांतील पुरुषांशी लग्न करू पाहणाऱ्या इंग्रज स्त्रियांना आधी सावध करावे. या सूचनेमागे स्त्रीहिताइतकाच राज्यकर्त्यांचा वर्णाभिमान होता, हे उघड आहे. १९२७ साली एडिंबरोतील काही नृत्यगृहांनी व उपाहारगृहांनी गौरेतर विद्यार्थ्यांना दार बंद केले, त्यांना तर विवाहाचे निमित्तही लागले नाही.

तरीही विवाह झाले. चिंतामणराव देशमुखांनी रोझिना या आंग्ल युवतीशी संसार मांडला आणि १९४९ मधील तिच्या मृत्यूपर्यंत तो चालला. रँग्लर परांजप्यांची कन्या शकुंतला केंब्रिजला गणित शिकली, पुढे युरा स्लेप्टझॉफ या रशियन चित्रकाराशी तिचा विवाह झाला. तो टिकला नाही, आणि कन्या सई हिला घेऊन ती वडिलांकडे परतली.

या सर्व वृत्तांतात घरी राहिलेली पत्नी कोठे दिसत नाही. अपवाद एकच, आणि तोही उलट्या बाजूचा. १८८३ साली पती घरी राहिला आणि पत्नी गेली: आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या, न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखे वागविले, फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी शाकाहार सांभाळून वैद्यकाचा अभ्यास केला, आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली. पण पती गोपाळरावांची पत्रे त्यांच्या मागोमाग समुद्र ओलांडून येत, आणि त्यांत उत्तेजनाबरोबर संशय, टोमणे आणि पोशाखाविषयीचे हुकूमही असत. आनंदीबाईंनी त्यांना सौम्यपणे परंतु स्पष्टपणे उत्तरे दिली. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, म्हणून या दांपत्याचे अंतरंग आपणास इतके तरी कळते. परळच्या चाळीत मुलांचे आजार आणि दारिद्र्य सोसत रमाबाई आंबेडकरांनी जी वर्षे काढली, त्यांना अशी काशीबाई भेटली नाही. पुण्या-मुंबईच्या, नागपूर-बडोद्याच्या ज्या घरांतून कोणी त्या काळी विलायतेस गेले असेल, तेथे माळ्यावरील पेटीत त्याची पत्रे बहुधा सापडतील, कारण ती कौतुकाने जपली जातात. वाचकांनी त्याच पेटीत थोडे अधिक खोल जाऊन इकडून तिकडे गेलेली, त्याच्या सामानातून परत आलेली पत्रेही शोधावीत, आणि हस्ताक्षर कच्चे, मजकूर घरगुती म्हणून ती रद्दीत न घालता एखाद्या इतिहाससंशोधक संस्थेच्या स्वाधीन करावीत.