आयर्लंडची फाळणी

आयर्लंडची फाळणी म्हणजे ब्रिटिश संसदेच्या १९२० च्या कायद्यान्वये आयर्लंड बेटाचे उत्तर आयर्लंड व दक्षिण आयर्लंड असे झालेले विभाजन होय. ते ३ मे १९२१ रोजी अमलात आले. अल्स्टरमधील प्रोटेस्टंटांची भीती लक्षात घेऊन हे विभाजन करण्यात आले. मात्र उत्तरेत कॅथलिक अल्पसंख्याकांचा नवा प्रश्न उभा राहिला.

पार्श्वभूमी

सतराव्या शतकात अल्स्टर प्रांतातील स्थानिक कॅथलिकांच्या जमिनी काढून घेऊन तेथे स्कॉटलंड व इंग्लंडमधील प्रोटेस्टंटांना वसविण्यात आले. १८०१ पासून आयर्लंड लंडनच्या संसदेच्या थेट अधिकाराखाली आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे ‘होमरूल’ची, म्हणजे स्वशासनाची, चळवळ वाढली. भारतात लोकमान्य टिळक व ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या होमरूल लीगचे नाव या चळवळीवरूनच आले. स्वशासनात कॅथलिक बहुसंख्याकांचे वर्चस्व येईल, या भीतीने अल्स्टरमधील प्रोटेस्टंटांनी त्यास कडवा विरोध केला.

डब्लिनमधील १९१६ चा ईस्टर उठाव ब्रिटिशांनी मोडून काढला. परंतु त्याच्या नेत्यांना गोळ्या घातल्यामुळे लोकमत स्वातंत्र्यवाद्यांकडे झुकले. १९१८ च्या निवडणुकीत शिन फेन पक्षाने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. पुढे १९१९ ते १९२१ या काळात आयरिश रिपब्लिकन आर्मीने गनिमी युद्ध केले.

सीमारेषा

अल्स्टरमध्ये एकूण ९ परगणे होते. त्यांपैकी अँट्रिम, आर्मा, डाउन, फर्मॅना, लंडनडेरी व टायरोन हे ६ परगणेच उत्तर आयर्लंडमध्ये घेण्यात आले. सर्व ९ परगणे घेतले असते, तर प्रोटेस्टंटांचे बहुमत निसटते राहिले असते. तरीही कॅथलिक बहुसंख्य असलेले फर्मॅना व टायरोन उत्तरेतच ठेवण्यात आले.

परिणाम

६ डिसेंबर १९२१ च्या तहाने दक्षिणेतील २६ परगण्यांचे आयरिश मुक्त राज्य निर्माण झाले. या तहावरून स्वातंत्र्यवाद्यांत फूट पडून १९२२–२३ मध्ये यादवी युद्ध झाले. तहावर स्वाक्षरी करणारे मायकेल कॉलिन्स त्यात मारले गेले. १९४९ मध्ये या राज्याचे प्रजासत्ताक झाले.

उत्तरेत सत्ता सुमारे ५० वर्षे एकाच प्रोटेस्टंट पक्षाकडे राहिली. घरवाटप, नोकऱ्या व स्थानिक मतदान यांत कॅथलिकांना भेदभाव सोसावा लागला. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य असूनही प्रभागरचनेमुळे नगरपालिका प्रोटेस्टंटांच्याच हाती राही. याविरुद्ध १९६८ मध्ये नागरी हक्कांची चळवळ पेटली आणि १९६९ मध्ये ब्रिटिश सैन्य रस्त्यावर उतरले. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीतील मोर्चावर सैनिकांनी केलेल्या गोळीबारात १३ जण जागीच ठार झाले. प्रजासत्ताकवादी व राजनिष्ठ सशस्त्र गट आणि सुरक्षादले यांच्या तीन दशकांच्या संघर्षात ३,५०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

१० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने दोन्ही समाजांना सत्तेत वाटा दिला. उत्तर आयर्लंडचे भवितव्य तेथील बहुसंख्य जनतेच्या संमतीनेच ठरेल, हे तत्त्वही त्यात मान्य झाले. १९२० च्या कायद्याने सीमा आखताना ही संमती घेण्यात आली नव्हती.