क्लोझ चाचणी

सलग उताऱ्यातील शब्द ठरावीक अंतराने गाळून ते संदर्भावरून भरायला लावणारी भाषाचाचणी. इंग्रजी ही दुसरी किंवा परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांची पातळी ठरवण्यासाठी १९७०च्या दशकात तिचा वापर वाढला. शालेय प्रश्नपत्रिकेतील ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नात बहुधा सुटी वाक्ये असतात व कोणता शब्द गाळायचा हे शिक्षक ठरवतो. क्लोझच्या मूळ पद्धतीत ही निवड केवळ मोजणीने होते.

उगम : विल्सन एल. टेलर यांनी १९५३ साली ‘जर्नलिझम क्वार्टर्ली’ या नियतकालिकात ही पद्धत मांडली. त्यांना वाचकाची नव्हे, तर मजकुराची काठिण्यपातळी मोजायची होती. शब्द व वाक्ये यांच्या लांबीवर आधारलेली तत्कालीन वाचनीयता-सूत्रे गर्ट्रूड स्टाइन यांचे दुर्बोध गद्य सोपे ठरवत; क्लोझमध्ये ते अवघड ठरले. १९६०च्या दशकात जॉन बोरमथ यांनी अमेरिकन शाळकरी मुलांच्या क्लोझ-गुणांची बहुपर्यायी आकलन-प्रश्नांतील गुणांशी सांगड घातली. त्यांच्या मांडणीत सुमारे ४४ टक्के गुण मदतीने वाचन आणि ५७ टक्के स्वतंत्र वाचन दर्शवतात. हे आकडे परभाषक विद्यार्थ्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

रचना : सुमारे ३०० शब्दांचा उतारा घेऊन पहिले वाक्य अखंड ठेवतात, पुढे दर पाचवा ते दहावा शब्द गाळतात. सर्व रिकाम्या जागा सारख्याच लांबीच्या असतात.

गुणदान : चाचणीचे स्वरूप सर्वाधिक येथेच ठरते. ‘मूळ शब्द’ पद्धतीत लेखकाचाच शब्द ग्राह्य धरतात. मूळ उताऱ्यात चहा ‘कप’मध्ये ओतलेला असेल आणि विद्यार्थ्याने ‘मग’ लिहिले, तर गुण शून्य. तपासणी जलद होते व दोन परीक्षकांत मतभेद उरत नाही. ‘ग्राह्य शब्द’ पद्धतीत संदर्भात बसणारा कोणताही शब्द चालतो. त्यासाठी उतारा आधी इंग्रजी मातृभाषकांना सोडवायला देऊन स्वीकार्य उत्तरांची यादी करतात. दोन्ही पद्धतींनी लागणारा विद्यार्थ्यांचा क्रम बराचसा सारखा येतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र पहिल्या पद्धतीत गुण कमी पडतात. त्यामुळे उत्तीर्णतेची रेषा ठरवायची असेल, तर परभाषक विद्यार्थ्यांसाठी दुसरी पद्धत अधिक न्याय्य मानली जाते. शुद्धलेखनाच्या चुकांविषयीचा नियम आधीच ठरवावा लागतो.

सप्रमाणता : क्लोझमधून एकच समग्र भाषाक्षमता मोजली जाते, अशी जॉन ओलर यांची भूमिका होती (१९७९), तिचे टोकाचे रूप त्यांनी पुढे सोडले. जे. चार्ल्स ऑल्डरसन यांनी १९७९ साली दाखवले, की गाळण्याचे अंतर वा गुणदान-पद्धत बदलली की चाचणीच बदलते. रिकामी जागा भरण्यासाठी वाक्यापलीकडचा संदर्भ कितपत लागतो, याबद्दल एकमत नाही. लाइल बाकमन यांनी १९८०च्या दशकात हेतुपूर्वक निवडलेले शब्द गाळण्याच्या पद्धतीचा अभ्यास केला.

प्रकार : केंब्रिजच्या बी२ फर्स्ट, सी१ अॅडव्हान्स्ड व सी२ प्रोफिशन्सी परीक्षांत बहुपर्यायी व मुक्त असे दोन्ही क्लोझ असतात; त्यांत प्रत्येकी ८ जागा असून गाळायचे शब्द निवडून ठरवतात. क्रिस्टीन क्लाइन-ब्रेली व उलरिक राट्झ यांनी १९८०च्या दशकारंभी जर्मनीत विकसित केलेल्या सी-टेस्टमध्ये दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध गाळतात व एकाऐवजी अनेक छोटे उतारे वापरतात. उत्तर बहुधा एकच असल्याने गुणदानाचा प्रश्न सौम्य होतो. ड्युओलिंगो इंग्लिश टेस्टमध्ये याच धर्तीचा प्रश्नप्रकार आहे.

भारतातील वापर : बँक भरतीच्या व कर्मचारी निवड आयोगाच्या स्पर्धापरीक्षांत इंग्रजी विभागात बहुपर्यायी क्लोझ विचारतात.