पाच नोव्हेंबरची कुळकथा

५ नोव्हेंबर हा ‘जागतिक त्सुनामी जागृती दिन’ असं संयुक्त राष्ट्रांनी २०१५च्या डिसेंबरात ठरवलं. ज्या लाटेची ही आठवण, ती आली मात्र २४ डिसेंबर १८५४ला. जपानच्या जुन्या चांद्र पंचांगात तो अकराव्या महिन्याचा पाचवा दिवस. पंचांग बदललं, आकडे तेच राहिले. तिथी की तारीख हा घोळ शिवजयंतीपुरताच नाही म्हणायचा!

गाव हिरोमुरा, आजच्या वाकायामा प्रांतातलं. हामागुची गोर्यो हा तिथला सोया सॉसच्या पिढीजात धंद्यातला सधन माणूस, वय पस्तिशीच्या आतबाहेर. दुपार कलताना जमीन जोरात हलली, मागोमाग समुद्र गावात शिरला. अंधार पडला तशी देवळाची टेकडी कुठल्या अंगाला हेच लोकांना उमगेना. गोर्योने शेतातल्या पेंढ्याच्या गंज्या पेटवल्या आणि त्या उजेडाच्या रोखाने माणसं वर पोचली.

१८९७ साली लाफ्काडिओ हर्न या लेखकाने या प्रसंगावर कथा लिहिली. तीत गोर्यो टेकडीवर राहणारा म्हातारा झाला आणि पेंढ्याच्या जागी त्याचं वर्षाचं सगळं पीक जळालं. पुढे एका शिक्षकाने त्यावरून लिहिलेला धडा १९३७पासून दहा वर्षं जपानी मुलांनी वाचला. गोष्ट झकासच, पण तिच्या उजेडात खरं काम झाकोळलं.

ते काम दुसऱ्या वर्षी सुरू झालं. घरं, होड्या, जाळी सगळं वाहून गेलेलं. लोक गाव सोडायच्या बेतात. गोर्योने पदरचे पैसे घालून किनाऱ्यालगत मातीचा बांध घालायला घेतला आणि गावकऱ्यांनाच मजुरीवर लावलं. चूल पेटत राहिली, गावही टिकलं. रोजगार हमीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. १८५८पर्यंत सुमारे ६०० मीटर लांब, ५ मीटर उंच आणि पायाशी २० मीटर रुंद बांध उभा राहिला. समुद्राच्या बाजूला पाइनची झाडं लावली. आजही दर नोव्हेंबरात गावची शाळकरी मुलं या बांधावर माती आणून टाकतात.

बांधाची कसोटी लागली १९४६च्या २१ डिसेंबरला, गोर्यो जाऊन साठ वर्षं उलटल्यावर. पहाटे भूकंप झाला, लाट आली. बांधाआडची जुनी वस्ती बहुतांशी वाचली. मधल्या काळात बांधाच्या आडोशाबाहेर नवी वस्ती आणि कारखाना उभा राहिला होता. पाणी तिथे घुसलं.