आयटी ॲट स्कूल (केरळ)

आयटी ॲट स्कूल हा केरळ राज्याच्या सामान्य शिक्षण विभागाने २००१ मध्ये सुरू केलेला शालेय माहिती तंत्रज्ञान प्रकल्प आहे. राज्यातील सरकारी व अनुदानित शाळांमध्ये संगणक शिक्षण पोहोचवणे आणि इतर विषयांच्या अध्यापनात संगणकाचा वापर करणे ही त्याची उद्दिष्टे होती. संपूर्ण राज्याचे शालेय संगणक शिक्षण मालकी हक्काच्या सॉफ्टवेअरकडून मुक्त सॉफ्टवेअरकडे वळवणारा प्रकल्प म्हणून तो विशेष ओळखला जातो. २०१७ मध्ये त्याचे रूपांतर 'केरळ इन्फ्रास्ट्रक्चर अँड टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन' (काइट) या सरकारी कंपनीत करण्यात आले.

पार्श्वभूमी

ज्या सॉफ्टवेअरचा वापर, अभ्यास, बदल व वितरण करण्याचे स्वातंत्र्य वापरकर्त्याला असते, त्यास मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पापासून ही चळवळ सुरू झाली. 'मुक्त स्रोत' ही संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली. शाळांच्या दृष्टीने या स्वातंत्र्याचा अर्थ व्यावहारिक आहे. एकच प्रत कितीही संगणकांवर कायदेशीररीत्या वापरता येते, विद्यार्थ्याला ती घरी नेता येते आणि स्थानिक भाषेनुसार तिच्यात बदल करता येतो.

केरळमध्ये या विचाराला लवकर प्रतिसाद मिळाला. जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरम येथे भरलेल्या परिषदेत स्टॉलमन यांच्या उपस्थितीत 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया'ची स्थापना झाली. मल्याळम भाषेचे संगणकीकरण करणारे स्वयंसेवक गटही याच सुमारास कार्यरत होते.

इतिहास

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे माजी अध्यक्ष प्रा. यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील कृती गटाच्या शिफारशींवरून प्रकल्पाची आखणी झाली. आरंभीचा अभ्यासक्रम मायक्रोसॉफ्ट विंडोज व त्यावरील कार्यालयीन सॉफ्टवेअरवर आधारित होता. सार्वजनिक शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकाने एकाच कंपनीची उत्पादने शिकवू नयेत, असा आक्षेप शिक्षक संघटना व मुक्त सॉफ्टवेअर कार्यकर्त्यांनी घेतला. पाठ्यपुस्तक व परीक्षा एका उत्पादनाभोवती बांधली गेली, की शाळेला ते विकत घेणे किंवा बेकायदेशीर प्रत वापरणे एवढेच दोन मार्ग उरतात, हा या आक्षेपाचा गाभा होता.

दहावीच्या शालान्त परीक्षेत माहिती तंत्रज्ञान हा विषय २००५ मध्ये समाविष्ट झाला. सुरुवातीच्या काळात विंडोज किंवा लिनक्स यांपैकी एक पर्याय निवडण्याची मुभा होती. त्यानंतरच्या काही वर्षांत पर्याय टप्प्याटप्प्याने बंद होऊन अध्यापन व परीक्षा पूर्णतः ग्नू/लिनक्सवर होऊ लागली.

संक्रमणाची पद्धत

केवळ संगणक प्रणाली बदलून असे स्थित्यंतर साध्य होत नाही. केरळमध्ये पाठ्यपुस्तके, परीक्षा, प्रशिक्षण आणि यंत्रसामग्रीची खरेदी या चार बाबी एकत्र बदलण्यात आल्या.

* शिक्षक प्रशिक्षण : शिक्षकांमधूनच तज्ज्ञ प्रशिक्षक निवडून त्यांच्याकरवी इतर शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले. प्रत्येक माध्यमिक शाळेत एका शिक्षकाकडे समन्वयकाची जबाबदारी असते. त्यामुळे लहानसहान अडचणी शाळेतच सुटू शकतात.
* स्वतःची वितरण आवृत्ती : उबुंटूवर आधारित, अभ्यासक्रमातील सर्व सॉफ्टवेअर व मल्याळम टंक आधीच बसवलेली प्रणाली शाळांना पुरवली जाते. लिब्रेऑफिस, गिम्प, इंकस्केप, जिओजेब्रा, स्क्रॅच, पायथॉन व क्यूजीआयएस यांचा तीत समावेश असतो.
* खरेदी : शाळांसाठी घेतलेली यंत्रे ग्नू/लिनक्सवर चालणारी असावीत, याची काळजी खरेदीच्या वेळीच घेतली जाते.

पुढील विस्तार

जुलै २००५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते एज्युसॅट उपग्रहावर आधारित 'व्हिक्टर्स' शैक्षणिक वाहिनीचे उद्घाटन झाले. कोविड-१९ साथीच्या काळात, जून २०२० पासून, याच वाहिनीवरून 'फर्स्ट बेल' हे वर्ग प्रसारित करण्यात आले. राज्यातील सुमारे १५ हजार शाळांची माहिती विद्यार्थी व शिक्षकांनी मिळून 'स्कूलविकी' या मल्याळम प्रकल्पात संकलित केली आहे.

जानेवारी २०१८ मध्ये 'लिटल काइट्स' हे विद्यार्थी मंडळ सुरू झाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या हायटेक शाळा प्रकल्पात ४,७५२ शाळांमधील आठवी ते बारावीच्या ४५,००० वर्गखोल्यांत लॅपटॉप व प्रक्षेपक बसवण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

आर्थिक बाजू व टीका

मुक्त सॉफ्टवेअरमुळे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचल्याचे काइटने २०१९ मध्ये सांगितले. दोन लाखांहून अधिक संगणक आणि प्रत्येकी सुमारे दीड लाख रुपयांचे परवाने अशा हिशोबावर हा आकडा आधारलेला आहे. तो प्रत्यक्ष खर्चातील घट नसून टळलेल्या खर्चाचा अंदाज आहे. शाळांना कंपन्या मोठी सवलत देतात हे लक्षात घेतल्यास तो कमी भरू शकतो. शिवाय मुक्त सॉफ्टवेअर वापरणे म्हणजे खर्च शून्य होणे नव्हे. प्रशिक्षण, देखभाल व अद्ययावतीकरणासाठी सातत्याने निधी लागतोच. मात्र तो परवान्यांऐवजी मनुष्यबळावर खर्च होतो.

नोकरीच्या ठिकाणी विंडोज प्रचलित असताना विद्यार्थ्यांना दुसरी प्रणाली शिकवणे गैरसोयीचे ठरेल, अशीही टीका होते. विशिष्ट उत्पादनाची बटणे पाठ करण्यापेक्षा मूळ संकल्पना शिकवाव्यात, कारण विद्यार्थी नोकरीस लागेपर्यंत उत्पादनांच्या आवृत्त्या बदललेल्या असतात, असे समर्थकांचे उत्तर असते.

इतरत्र

नॉर्वेमध्ये २००१ पासून 'स्कोलेलिनक्स', तर स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतात २००२ पासून 'लिनेक्स' या शाळांसाठीच्या लिनक्स आवृत्त्या विकसित झाल्या. गोव्यात परदेशस्थ गोवेकरांच्या साहाय्याने शाळांना मिळालेल्या वापरलेल्या संगणकांवर लिनक्सचा प्रयोग झाला. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील खैराट येथील छोट्या शाळेत २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचा भारतातील आरंभीचा प्रयोग झाला. त्यातील 'शुगर' ही प्रणाली मुक्त होती. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. भारत सरकारच्या २०१२ च्या शालेय माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान धोरणातही मुक्त व मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्यात आले आहे.

हेही पाहा

* मुक्त सॉफ्टवेअर
* ग्नू प्रकल्प
* लिनक्स
* केरळमधील शिक्षण