ट्रकचे गोल कोपरे

कॅलिफोर्नियात मोहावी वाळवंटाच्या कडेला, एडवर्ड्स इथं, नासाचं उड्डाण संशोधन केंद्र आहे. तिथले अभियंता एडविन सॉल्ट्झमन १९७३ साली सायकलने कामावर जात. मागून अवजड ट्रक आला की हवेचा लोंढा आधी त्यांना कडेच्या झुडपांकडे ढकले. ट्रक पुढे सरकला की सायकलसकट रस्त्याकडे ओढून घेई. असा हिसका बसला की आपण ट्रकवाल्याला चार शब्द ऐकवून मोकळे होतो. विमानांभोवतीची हवा मोजणाऱ्या सॉल्ट्झमन यांना त्यात वाया जाणारं इंधन दिसलं. त्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखलं, आणि इंधनाचा हिशेब साऱ्या अमेरिकेचा झाला.

केंद्राने एका फोर्ड व्हॅनभोवती सांगाडा उभारून पत्रा ठोकला. सगळे कोपरे मुद्दाम काटकोनी. नाव पडलं ‘शूबॉक्स’. हवा कुठे पत्र्याला धरून वाहते आणि कुठे सुटते, हे दिसावं म्हणून दोऱ्याचे तुकडे चिकटवले. चाचणी साधीच होती: वेग गाठायचा, गियर न्यूट्रलला टाकायचा आणि गाडी किती झपाट्याने मंदावते ते मोजायचं. पुढचे-मागचे उभे कोपरे गोल करताच हवेचा विरोध ४० टक्क्यांनी घटला. आडवेही गोल केल्यावर ५४ टक्क्यांनी. आतली जागा गेली जेमतेम ३ टक्के. वाहतूकदाराचं मन वळणार ते या शेवटच्या आकड्याने, कारण तो जागेचंच भाडं घेतो.

त्या काळच्या अमेरिकी ट्रकच्या चपट्या नाकामागेही हाच जागेचा हिशेब होता. ट्रॅक्टर-ट्रेलरच्या एकूण लांबीवर बंधन, म्हणून केबिन थेट इंजिनावर चढवायची आणि वाचलेली लांबी मालाला द्यायची. १९८२च्या कायद्याने प्रमुख महामार्गांवर एकूण लांबीची अट गेली, बंधन ट्रेलरपुरतं उरलं. मग १९८५ला केनवर्थने उतरत्या बॉनेटचा टी६०० आणला. चालकांनी त्याला ‘मुंगीखाऊ’ म्हणून हिणवलं. डिझेलची बिलं भरणाऱ्या मालकांना मात्र तो देखणाच वाटला असणार.

मागची बाजू अजून हट्टी आहे. निमुळती शेपूट जोडली की विरोध आणखी घटतो, हे एडवर्ड्सलाच दिसलं होतं. पण ट्रेलरचे दरवाजे तिथेच. घडीच्या शेपट्या निघाल्या, तरी गोदामाच्या धक्क्याला लागताना मिटा, निघताना उघडा, हे काम पुन्हा चालकाच्याच गळ्यात.