मंगलोरी कौलाच्या पाठीवरची अक्षरे

गेल्या वैशाखात आमच्या शाळेचे छप्पर उतरवले. वासे वाळवीने पोखरले होते, आणि पावसाआधी कौले काढून पत्रे घालायचे असे पंचमंडळींनी ठरवले होते. गडी वरून एकेक कौल खाली देत होते. सुट्टी असूनही गावची पोरे जमली होती आणि ओळ करून कौले चिंचेखाली रचीत होती. त्यांतल्या सहावीतल्या एका पोराने कौल उलटे धरून अक्षरे लावली आणि मला विचारले, “गुरुजी, ह्या बासेल म्हणजे काय ओ?”

ती अक्षरे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. गणिताच्या तासाला मान वर करून बसले की कौलांच्या पोटाकडची इंग्रजी अक्षरे दिसत. ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’. त्या पोराला मी तेव्हा एवढेच म्हणालो की ते परदेशातल्या एका गावाचे नाव आहे. मास्तराचे उत्तर असेच तोकडे असते. उरलेले आता सांगतो.

बासेल हे स्वित्झर्लंडमधले ऱ्हाईनकाठचे शहर. तेथे १८१५ साली एक ख्रिस्ती मिशन निघाले. त्यातले पुष्कळसे पाद्री दक्षिण जर्मनीतल्या शेतकऱ्यांची आणि कारागिरांची मुले. १८३३ च्या सनदेने ब्रिटिश नसलेल्या मिशनऱ्यांनाही हिंदुस्थानची दारे उघडली, आणि दुसऱ्याच वर्षी हेबिख, लेनर आणि ग्राइनर असे तिघे मंगळुरास पोचले.

त्यांच्याकडे येऊन बाप्तिस्मा घेणारे बहुतेक गरीब होते. तुळू मुलखातले बिल्लव लोक हे त्यांत मुख्य. यांचा धंदा माडावर चढून ताडी काढण्याचा. ताडीचा धंदा मिशनला मान्य नव्हता; तेव्हा बाप्तिस्मा घेतला की पोटाचे साधन त्याच दिवशी सुटे. घरही सुटे. त्या भागात तेव्हा मिळकत मामाकडून भाच्याकडे जाई, आणि एकट्याला आपली वाटणी तोडून मागता येत नसे. धर्म बदलला तरी वारसा जात नाही असे सरकारने १८५० च्या कायद्याने ठरवले खरे, पण जेथे वाटणीच नाही तेथे कायदा देणार काय? अठरा-वीस वर्षांचा एखादा तरुण गळ्यातली माळ काढून मिशनच्या आवारात येई, तेव्हा त्याच्यापाशी दोन हात सोडून दुसरे काहीही नसे.

पाद्र्यांपुढे मोठाच पेच पडला. फुकट पोसावे, तर ‘भाकरीसाठी बाटले’ हे लोकांचे म्हणणे खरे ठरे. न पोसावे, तर माणसे उपाशी मरत. म्हणून धंदा शिकवायचे ठरले. शेती करून पाहिली, सुतारकाम करून पाहिले, घड्याळे बनवण्याचाही उद्योग काढला. हा घड्याळांचा उद्योग मला फार गमतीचा वाटतो. जो मुलूख कोंबड्याच्या आरवण्यावर उठतो, तेथे घड्याळे घेणार कोण! तो बुडाला. सुतारकामही फारसे चालले नाही. छापखाना मात्र चालला. १८४१ पासून तेथे शिळाछापावर कानडी पुस्तके निघू लागली, आणि १८४३ साली ‘मंगळूर समाचार’ हे कानडीतले पहिले वर्तमानपत्र तेथूनच निघाले.

१८५१ साली हालर नावाचा विणकर आला. त्याने युरोपी धर्तीचे माग बसवले, रंगशाळा काढली आणि पोरांना धोटा चालवायला शिकवले. खाकी रंग त्याने शोधला असे मंगळुराकडे अभिमानाने सांगतात. मला ते पुरते पटत नाही. पंजाबच्या सरहद्दीवर लम्सडेनच्या पलटणीने मातकट रंगाचे कपडे त्याच्याही आधी वापरले होते, आणि खाकी हा शब्दही धुळीवरूनच आलेला आहे. पण मंगळुरी खाकी कापड टिकाऊ असे आणि त्याला मोठी मागणी होती, यात शंका नाही.

कौलांची गोष्ट याहून मोठी. छापखान्याच्या कामावर आलेल्या गेऑर्ग प्लेप्स्टचे लक्ष नेत्रावतीच्या काठच्या चिकण मातीकडे गेले. आपल्याकडे तोवर नळ्यांची घरे. दर वर्षी शाकारणी करा, माकडे नाचली की पुन्हा परता, मोठ्या पावसात डोक्यावर धार धरा. फ्रान्समधल्या आल्सेस प्रांतात गिलार्दोनी बंधूंनी १८४१ च्या सुमारास एकमेकांत अडकणारी चपटी कौले काढली होती. कौलाच्या कडेला खाच, शेजारच्या कौलाला तिच्यात बसणारी धार, आणि पोटाला रिपेवर अडकणारा खुंटा. तीच तऱ्हा प्लेप्स्टने मंगळुरात उतरवली आणि १८६५ साली जेप्पू येथे कारखाना काढला. बैलांकडून माती मळून घ्यायची, साच्यात दाबायची, सावलीत वाळवायची आणि भट्टीत भाजायची. पुढे वाफेची यंत्रे आली. मलबारातही कारखाने निघाले. गलबतांतून ही कौले मालवण, वेंगुर्ले, रत्नागिरी अशी वर मुंबईपर्यंत चढली. स्थानिक ख्रिस्ती आणि हिंदू व्यापाऱ्यांनी ती विद्या उचलली, आणि कौलाला ‘मंगलोरी’ हे नावच पडले.

त्या कारखान्यांत दिवस प्रार्थनेने सुरू होई. वेळेची शिस्त कडक. माडावर आपल्या मर्जीने चढणाऱ्या माणसाला घंटेवर यावे लागले. ते त्याला सुखाचे वाटले असेल असे मी म्हणणार नाही. मालक, पाद्री आणि गुरू एकच असला, म्हणजे तक्रार कोणाकडे करायची? मिशनच्याही मनात हा काटा असावा. धर्माचे लोक व्यापार करतात हे बरे दिसेना, म्हणून १८५९ साली व्यापाराची निराळी कंपनी काढण्यात आली. पण हेही खरे की पुढे या कारखान्यांत ख्रिस्ती नसलेले लोकही कामाला आले, आणि पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तीन हजारांवर माणसे तेथे पोट भरत होती. जोडारी, लोहारी शिकलेली पोरे बाहेरच्या कारखान्यांतही मिळवती झाली. मॅट्रिक होऊन नोकरीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली माझी पोरे पाहिली की मला त्यांची आठवण होते.

१९१४ साली युद्ध पेटले आणि मिशनमधले जर्मन हे शत्रू ठरले. त्यांतल्या पुष्कळांना आमच्याच अहमदनगरच्या छावणीत कोंडून ठेवले होते. कारखाने सरकारने ताब्यात घेतले, आणि युद्धानंतर ते ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’ या इंग्रजी कंपनीकडे गेले. कौलांवरची अक्षरेही बदलली. म्हणजे आमच्या शाळेची कौले त्याआधीची असली पाहिजेत.

जून महिन्यात तो पोरगा भेटला तेव्हा त्याला हे सगळे सांगितले. तोवर कौले विकली गेली होती. समुद्राकाठी पर्यटकांसाठी घरे बांधणाऱ्या एकाने ती हौसेने, चांगला भाव देऊन नेली. एक मी मागून घेतले आहे. ते वर्गातल्या कपाटावर ठेवले आहे, आणि वर पत्र्यावर पाऊस वाजू लागला की मला ओरडून शिकवावे लागते.