अगरूचा गोडवा : ऊद, आंबा आणि मध यांच्या जुन्या योगाविषयीं

(१)

सुगंधी द्रव्यांच्या बाजारांत गेल्या कांहीं वर्षांत 'ऊद' या द्रव्यास फार मोठा मान आलेला आहे. त्यांतही फळांचा आणि मधाचा गोडवा मिसळलेला ऊद अंगास लावण्याची आवड विशेष दिसते. फ्रान्समधील ईव्ह सां लोरां या पेढीनें २००२ सालीं 'एम-७' नांवाचें उदाचें अत्तर विक्रीस काढलें; पाश्चात्य देशांत ही आवड पसरण्यास त्याचें मोठें साहाय्य झालें. यावरून पुष्कळांची समजूत अशी झाली आहे कीं, ऊद मूळचा अरबांचा आणि त्यास फळाचा गोडवा देण्याची कल्पना युरोपियनांची. ही समजूत जुन्या संस्कृत, अरबी व फारसी साधनांशीं ताडून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. हा केवळ शौकाचा प्रश्न नाहीं. आपल्या देशाची वनसंपत्ति, तिचा व्यापार आणि त्यावर उभें राहिलेलें एक शास्त्र यांचें श्रेय कोणाकडे जातें, हें यावर अवलंबून आहे.

(२)

प्रथम नांवाचा घोळ दूर केला पाहिजे. अरबी भाषेंत 'ऊद' याचा मूळ अर्थ लांकूड किंवा काष्ठ एवढाच आहे. सुगंधाच्या संदर्भांत मात्र त्या शब्दानें संस्कृतांतील अगुरु किंवा अगरु, म्हणजे आपला अगर, हेंच काष्ठ समजावयाचें. मराठींत या शब्दाचा अर्थ पालटला. आपल्या घरीं निखाऱ्यावर ज्याचा धूर करितात तो ऊद बहुधा लोबानाच्या जातीचा डिंक असतो. अगरूच्या लांकडाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. जुना अर्थ 'उदबत्ती' या शब्दांत तेवढा अडकून राहिला आहे. उदबत्ती आणि अगरबत्ती हीं एकाच वस्तूचीं दोन नांवें, एक अरबीवरून व दुसरें संस्कृतावरून आलेलें. म्हणून जुन्या मराठी कागदांत 'ऊद' हा शब्द आढळल्यास तेथें अगरूचें काष्ठ अभिप्रेत आहे कीं डिंक, हें भाव, वजन व संदर्भ पाहूनच ठरवावें लागेल.

हें काष्ठ ज्या वृक्षांपासून मिळतें त्यांस वनस्पतिशास्त्रांत अ‍ॅक्विलेरिया असें नांव आहे. आसाम व त्याच्या आसपासचा डोंगराळ प्रदेश, ब्रह्मदेश, सयाम, कंबोडिया, व्हिएतनाम, मलाया व सुमात्रा येथें ते आढळतात. निरोगी झाडाचें लांकूड फिकट, हलकें आणि जवळजवळ निर्गंध असतें. झाडास इजा झाली, किड्यांनीं पोखरलें अथवा बुरशी लागली, म्हणजे त्या जखमेभोंवतीं काळसर राळ सांचते. सुगंध या राळेचा आहे. राळेनें पुरतें भरलेलें लांकूड पाण्यांत बुडतें. चिनी भाषेंत त्याचें नांवच 'बुडणारा सुगंध' या अर्थाचें आहे.

वास रोगट भागाचा असल्यामुळें एका झाडाचा सुवास दुसऱ्यासारखा नसतो, आणि देशपरत्वें तर मोठा भेद पडतो. आजच्या व्यापारांत कंबोडियाकडील तेल गोड, पिकल्या फळासारख्या वासाचें म्हणून ओळखलें जातें. आसामच्या तेलास चामड्याची व गोठ्याची आठवण करून देणारा उग्र दर्प असतो. लांकडाचा भुगा कांहीं दिवस पाण्यांत आंबत ठेवून मग त्याचें तेल काढतात, त्याचा हा परिणाम होय. तेव्हां उदाचा गोडवा दोन प्रकारचा आहे: एक लांकडाचा स्वतःचा, दुसरा गांधिकानें बाहेरून दिलेला. या दोहोंचा इतिहास निरनिराळा पाहिला पाहिजे.

(३)

काष्ठाच्या गुणांवरून व ठिकाणावरून जाति ठरविण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत कोशांत घ्यावयाच्या मौल्यवान वस्तूंची परीक्षा सांगतांना अगरूचे जोंगक, दोंगक व पारसमुद्रक असे प्रकार दिले आहेत. पैकीं तिसऱ्याचें नांवच त्याचें समुद्रापलीकडून येणें सुचवितें. त्याच्या वासास वाळ्याची किंवा नवमालिकेच्या फुलांची उपमा दिली आहे. उत्तम अगरु जड व स्निग्ध असावा, त्याचा वास दूरवर जावा, तो सावकाश जळावा, धूर दाट नसावा आणि घासला तरी वास टिकावा, असे निकष तेथें आहेत. आजचा जाणता व्यापारी याहून फारसें वेगळें कांहीं पाहत नाहीं. समुद्रापलीकडील अगरूचा फुलासारखा वास वेगळा काढून सांगणाऱ्या परीक्षकास त्याच्या अंगच्या सौम्य सुवासाची ओळख होती, हें उघड आहे.

पूर्वेकडील अगरूचें मुख्य माहेर प्राग्ज्योतिष अथवा कामरूप. कालिदासानें रघूच्या दिग्विजयांत तेथील कालागुरूचीं झाडें रघूच्या हत्तींचे आलानस्तंभ झालीं असें वर्णिलें आहे. अरबांची साक्षही याच दिशेची आहे. दहाव्या शतकाच्या आरंभीं अबू झैद अस्-सीराफी या लेखकानें लिहून ठेविलें आहे कीं, मुलतानच्या देवालयांत धुपासाठीं कामरूपचा ऊद भाविक लोक दुरून आणीत. 'मन्न' या अरबी वजनास त्याची किंमत २०० दिनारांपर्यंत जाई, आणि तो इतका मऊ असे कीं त्यावर मोहोर उमटवितां येई. पुजाऱ्यांकडून तो व्यापारी विकत घेत. अरब भूगोलवेत्त्यांनीं चंपा व ख्मेर या देशांच्या नांवांनींही उदाच्या जाति सांगितल्या आहेत. सारांश, अरब हे या द्रव्याचे मोठे रसिक आणि त्याहून मोठे व्यापारी होते. उगम मात्र त्यांच्या देशांत नव्हता, आणि हें त्यांनीं स्वतःच स्पष्ट नोंदविलें आहे.

(४)

आतां दुसऱ्या गोडव्याकडे, म्हणजे गांधिकानें मुद्दाम दिलेल्या गोडव्याकडे वळूं. या बाबतींत सर्वांत महत्त्वाचा पुरावा सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील गंधयुक्ति प्रकरणाचा आहे. वराहमिहिर ज्योतिषी, त्यामुळें सुगंधाचे योगही त्यानें गणितानें मांडले आहेत. सोळा द्रव्यांतून चार चार निवडल्यास १८२० प्रकार होतात, हा हिशेब त्यानें दिला आहे. त्या सोळांत अगरु आहे. म्हणजे त्यांतील ४५५ प्रकारांत, अगदीं चौथ्या हिश्श्यांत, अगरु येतो. पुढें त्यानें सोळा घरांचें एक कोष्टक दिलें आहे. त्याच्या पहिल्या ओळींत अगरु २ भाग, तमालपत्र ३, तुरुष्क ५ आणि शैलेय ८ आहेत. या कोष्टकाची कोणतीही आडवी, उभी किंवा कर्णावरची ओळ घ्या, बेरीज १८ च येते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट यापुढेंच आहे. या कोष्टकांतील इच्छेस येतील तीं चार द्रव्यें घेऊन जायफळ, कस्तुरी व कापूर यांनीं त्यांचा वास जागृत करावा, आणि त्यांवर सहकाराचा रस व मध शिंपडावा, म्हणजे 'पारिजात' या नांवाचे अनेक सुगंध होतात, असें वराहमिहिर सांगतो. सहकार म्हणजे सुवासिक आंबा. अगरु ज्यांत येतो अशा योगास आंब्याचा व मधाचा संस्कार देण्याची ही निःसंदिग्ध कृति आहे. याच प्रकरणांत दुसऱ्या एका गंधास गूळ व नख यांची धुरी द्यावयास सांगितली आहे. गूळ निखाऱ्यावर पडला म्हणजे जो करपट गोड वास सुटतो, तो येथें हेतुपुरस्सर वापरलेला आहे.

हा केवळ पोथींतील योग नव्हता, हें बाणाच्या हर्षचरितावरून दिसतें. सातव्या शतकांत कामरूपचा राजा भास्करवर्मा यानें हर्षाकडे हंसवेग नांवाच्या दूताबरोबर नजराणा पाठविला. त्याच्या यादींत बांबूच्या जाड नळ्यांत भरलेला सहकाराचा रस आणि कृष्णागुरूचें तेल हीं बाणानें एकत्र सांगितलीं आहेत. एका राजानें दुसऱ्यास पाठविलेल्या निवडक वस्तूंत हीं दोन द्रव्यें शेजारीं शेजारीं असावीत, याचा अर्थ तीं त्या काळीं एकाच कलेचें साहित्य समजलीं जात. बाणाच्या यादीवर किती विश्वास ठेवावा, अशी शंका कोणी घेईल. त्याच यादींत अगरूच्या सालीच्या पानांचीं पुस्तकें आहेत. आणि आसामांत 'सांचीपात' म्हणून याच सालीवर ग्रंथ लिहिण्याची परंपरा पुढें शतकानुशतकें चालू होती. तेव्हां यादी कविकल्पित म्हणून बाजूस सारतां येत नाहीं.

फळझाडांचा संबंध रसापुरताच नाहीं. अग्निपुराणांत गंधद्रव्यांवर करावयाचे आठ संस्कार आहेत. त्यांतील पहिला, शौच म्हणजे शुद्धि, हा कवठ, बेल, जांभूळ, आंबा व कण्हेर यांच्या पालवीच्या पाण्यानें करावयाचा आहे. कामसूत्रांत नागरकाच्या शय्येजवळ उटणें व सुगंधाची पुडी यांच्याबरोबर महाळुंगाची साल ठेवावयास सांगितली आहे. फळाच्या सुवासाची नागर रुचि किती स्थिर होती, हें यावरून कळतें.

(५)

महाराष्ट्राशीं या शास्त्राचा संबंध काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासांत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, विलेपनभोग व धूपभोग यांस स्वतंत्र प्रकरणें आहेत. याहून जवळचा पुरावा पुण्यांतच मिळाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील एका हस्तलिखितांत गंगाधरकृत 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' हे दोन ग्रंथ असून, गंधवादावर मराठी टीका आहे. प्रा. परशुराम कृष्ण गोडे यांनीं या ग्रंथांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. पुढें १९८९ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत ते छापून निघाले. गंधसारांत भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन असे सहा संस्कार वर्णिले आहेत. गंधवादासारख्या ग्रंथास मराठी टीका लागावी, यावरून ही विद्या केवळ संस्कृतज्ञांची नसून मराठींत समजून घेऊं पाहणाऱ्या वर्गापर्यंत पोहोंचली होती, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

मुसलमानी अमदानींत या परंपरेचा लोप झाला नाहीं. तिच्यांत भर पडली. अबुल फज्लच्या ऐने अकबरींत चोवा काढण्याची रीत आहे. अगरूचे तुकडे अरुंद तोंडाच्या भांड्यांत घालावयाचे, भांड्यास मातीचा लेप देऊन तें पालथें करावयाचें व भोंवतीं विस्तव ठेवावयाचा, म्हणजे तेल खालच्या पाण्याच्या भांड्यांत उतरतें. आपल्या रसशास्त्रांतील पातालयंत्राची हीच रीत होय. त्याच ग्रंथांतील अरगजांत चंदन, चोवा व कापूर यांस गुलाबपाण्याची जोड आहे. दक्षिणेंत विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहासाठीं (१५८०–१६२७) 'इत्रे नवरसशाही' हा सुगंधावरचा स्वतंत्र फारसी ग्रंथ लिहिला गेला. जुन्या काष्ठास नवी फुलें मिळालीं, एवढाच या काळाचा फरक.

(६)

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. वरील पुराव्यावरून आजचें अत्तर जसेंच्या तसें प्राचीन भारतांत होतें, असें कोणी म्हणूं लागल्यास तें चूक होईल. बाणाच्या यादींत अगरूचें तेल आहे. तें कोणत्या यंत्रानें काढलें हें तो सांगत नाहीं, म्हणून तेवढ्यावरून अर्क काढण्याची कला सातव्या शतकांत नेणें युक्त नव्हे. आजच्या बाटलींतील फळाचा वासही बहुधा रसायनशाळेंत तयार होतो. सिद्ध होतें तें इतकेंच कीं, अगरूच्या गंभीर, कडवट वासास फळाचा व मधाचा गोडवा द्यावा ही रुचि, आणि ती साधण्याची लिहून ठेविलेली कृति, या देशांत किमान सहाव्या शतकापासून आहे. तेवढें श्रेय मात्र पुरतें घेतलें पाहिजे.

श्रेयाबरोबर जबाबदारीही येते. सुगंध जखमी झाडांत असतो आणि बाहेरून तो ओळखणें कठीण, म्हणून लोभानें निरोगी झाडेंही तोडलीं गेलीं. वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टांत आसामांतील अगरूची जाति १९९५ पासून आणि अ‍ॅक्विलेरियाच्या सर्व जाति २००५ पासून घातल्या आहेत. आज आसामांत लोक परसांत हीं झाडें लावतात आणि होजाई येथें त्यांच्या तेलाचा मोठा धंदा चालतो, ही समाधानाची गोष्ट आहे. रानांतील झाडाची स्थिति मात्र चिंताजनक आहे. रघूच्या हत्तींना बांधावयास पुरलेलें कालागुरूचें वन कवीच्या वर्णनापुरतें उरूं नये, एवढी काळजी त्या सुगंधाचा उपभोग घेणाऱ्यांनीं वाहिली पाहिजे.